मलपृष्ठावरचा दादा

माझ्या अंगात एकच कला होती, पुस्तकांना कव्हरं घालायची. गाण्यात मी बेसूर, खेळात कायम राखीव, आणि गणितात असा की वडील स्वतः वर्गावर असूनही मला प्रश्न विचारताना ते दुसरीकडे बघत. पण जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे आठ दिवस माझे असायचे. नौपाड्यातली अर्धी पोरं पुस्तकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन आमच्या जिन्यात बसायची आणि मी मधल्या पायरीवर कात्री, खळ आणि आईची लाकडी पट्टी घेऊन एखाद्या डॉक्टरसारखा एकेकाला आत घ्यायचो.

कव्हरांचा कागद तीन जातींचा. वर्तमानपत्राचा सगळ्यात हलका, पहिल्याच पावसात त्याचा लगदा व्हायचा. खाकी कागद बरा, पण तो मिळायचा ज्यांच्या घरी कुणी कचेरीत असेल त्यांना. आणि सगळ्यात भारी म्हणजे जुन्या दिवाळी अंकाचं वरचं वेष्टण. जाड, गुळगुळीत, छत्रीचं पाणी पडलं तरी ओघळून जाणारं. ते उलगडलं की एका अंगाला मुखपृष्ठ, म्हणजे तबक घेतलेली बाई, आणि दुसऱ्या अंगाला मलपृष्ठ. आता अंकगणिताच्या पुस्तकावर बाई मिरवत शाळेत गेलं तर मधल्या सुट्टीत जगणं मुश्कील. म्हणून बाई नेहमी खाली, मलपृष्ठ वर. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण ठाण्यातल्या सगळ्या पोरांचा होता. आणि त्या वर्षांत मलपृष्ठावर असायची सिगारेट.

आज याचं नवल वाटतं. पोराच्या खिशात विडीचं थोटूक सापडलं तर चामडी लोळवणारी माणसं त्याच पोराला कोट घातलेला, धूर सोडणारा, हसरा तरुण छातीशी धरून शाळेत पाठवत होती. कुणाच्या लक्षातच यायचं नाही. कागद चांगला होता ना. शिवाय विडी म्हणजे तंबाखू, गिरणीतली, धक्क्यावरची. सिगारेट म्हणजे चित्र. आमची आई दोन वेळा मिश्री लावायची आणि "आमच्या घरात तंबाखूला थारा नाही" असं बोलताना तिच्या ओठांना काळी कड असायची. आम्हीही मान डोलवायचो.

माझी मुलं म्हणतात, बाबांना गोष्ट सांगायला कारण लागत नाही, फक्त कुणीतरी बसलेलं लागतं. खरं आहे. पण ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नाही.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. कल्याणला मालधक्क्यावर कारकून होता. गोण्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या, संध्याकाळी नाकात मिरचीचा खकाणा घेऊन परत यायचं. दिसायला मात्र असा की आई त्याला नवीन शर्ट घातल्यावर मीठमोहऱ्या ओवाळायची आणि मला नवीन शर्ट घातल्यावर "बाह्या दुमड" म्हणायची. व्यसन म्हणाल तर सुपारीचं खांडही नाही. लहानपणी त्याची छाती भरून यायची, म्हणून थंडीत आई त्याला अजून ओव्याचा शेक द्यायची. बावीस वर्षांचा बाप्या निमूटपणे शेक घ्यायचा.

त्याचा शाळेतला एक मित्र चित्रकार झाला होता. डोंबिवलीला राहायचा आणि फोर्टमधल्या एका जाहिरातीच्या कंपनीत कामाला होता. एका मे महिन्यातल्या रविवारी दादा मला घेऊन त्याच्याकडे गेला. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन सोडलं की बांधावरून चालायचं. भाताची खाचरं उन्हानं तडकलेली, मध्येच एखादं बैठं घर. त्या घराच्या खिडकीत चित्रकाराने दादाला उभं केलं आणि त्याच्या अंगात एक लोकरीचा स्वेटर चढवला. शेजारच्या निवृत्त लष्करी हवालदाराकडून मागून आणलेला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"आता हातात सिगारेट धर," चित्रकार म्हणाला.

"मी ओढत नाही, तुला माहितीये."

"ओढायची कोण म्हणतंय? धरायची."

"धरणारही नाही. आप्पांना वास येतो."

चित्रकार वैतागला. तेव्हा मी खिशातून खडू काढून दिला. आप्पा, म्हणजे वडील, मास्तर असल्यामुळे माझ्या खिशात खडूला तोटा नसे; ते शाळेतून आणायचे आणि मी त्यांच्या खिशातून. त्या दिवशी या गोष्टीत माझा हात पहिल्यांदा लागला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

दादाने खडू धरला तो मास्तराच्या मुलासारखा, तीन बोटांत घट्ट.

"अरे, फळ्यावर सुविचार लिहायचाय का?" चित्रकार ओरडला. "दोन बोटांत धर. सैल. तुला जगात कसली म्हणून काळजी नाही."

"मला उकडतंय. ही काळजी आहे."

"ती चित्रात येत नाही."

दोन तास दादा त्या स्वेटरात निथळत उभा राहिला. परत येताना त्याच्या हाताला खडू लागलेला होता आणि तो सारखा दोन बोटं एकमेकांवर घासत होता.

दिवाळीत अंक आला. आमच्याकडे दिवाळी अंक फिरत्या वाचनालयाचा, म्हणजे चार घरं हिंडून आमटीचे डाग घेऊन यायचा. पण या वेळी चित्रकाराने दादाला एक कोरा अंक दिला. दादाने तो पालथा करून पाटावर ठेवला. त्यात तो होता. खिडकीपाशी रेललेला, निळा स्वेटर, मागे बर्फाचे डोंगर. डोंबिवलीच्या खाचरांचे डोंगर झाले होते. दोन बोटांत सैल धरलेला खडू टोकाला लालसर पेटलेला आणि वर धुराची एक रेघ, शाळेतल्या बाई फळ्यावर 'ल' काढतात तशी वळलेली. खाली चार ओळी मजकूर: जाणता तरुण हीच ओढतो, घशाला सुखाची, वगैरे.

आई म्हणाली, "स्वेटर शोभतोय हो. पण हातात ते कसलं धरलंयस?"

"खडू होता, आई. विचार याला."

"खडूच होता," मी म्हणालो. "माझा."

आप्पांनी चष्मा लावून चित्र पाहिलं, मजकूर वाचला, पुन्हा चित्र पाहिलं. मग ते म्हणाले, "चित्र उत्तम आहे. मजकुरात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत." आणि हसले. आप्पा हसले म्हणजे विषय संपला. पुढे ते त्या हसण्याला फार वेळा शिव्या घालत असावेत, पण तोंडाने कधी बोलले नाहीत.

टेंभी नाक्यावर एक पानवाला होता, मूळचा कोकणातला, गावातल्या बातम्यांचं कोठार. त्याने ते मलपृष्ठ आपल्या टपरीच्या फळीवर खळ लावून चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "ह्यो आपला मास्तरांचा पोरगा. आपल्या ठाण्याचा." दादा तिथून गेला की हाक मारायचा. दादा तोंड लपवून जायचा. मी मात्र मुद्दाम तिकडून जायचो. हिरोचा भाऊ म्हणून मला बडीशेप फुकट मिळायची.

कल्याणला धक्क्यावर तर रोजचाच तमाशा. हमाल, व्यापारी, स्टेशनातले बाबू, सगळे दादासमोर पाकीट धरायचे. "घ्या की साहेब, तुमचीच आहे." दादा नाही म्हणाला की म्हणायचे, "घरची म्हणून कंटाळा आला वाटतं!" माणूस किती दिवस नाही म्हणणार? आणि खरं सांगतो, त्यालाही ते चित्र आवडलं होतं. मी त्याला आरशासमोर पेन्सिल धरून उभा राहिलेला पाहिलाय. तो मला दिसला, मी त्याला दिसलो, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं ठरवलं.

पहिली सिगारेट त्याने टेंभी नाक्यावर ओढली. मी शेजारी होतो. पानवाल्याने स्वतः पेटवून दिली, "आमच्याकडनं." दादाने एक झुरका घेतला आणि असा खोकला, असा खोकला, की डोळ्यांतून पाणी. चार माणसं हसली. पानवाला फळीवरच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, "अहो, चित्रात तर खोकत नाय!"

दादाही हसला. त्याने डोळे पुसले आणि दुसरा झुरका घेतला. या वेळी त्याने खोकला आतल्या आत दाबला. गळ्याची शीर तट्ट फुगलेली मला दिसली. पण बाहेरून चित्र झाला अगदी.

संक्रांतीपर्यंत तो रोज ओढायला लागला. घरी नाही, पण वास यायचाच. आई म्हणायची, "धक्क्यावर काय काय जाळतात मेले." आप्पा उठून खिडकी उघडायचे. गॅलरीत कठड्याला रेलून उभा राहायची त्याची तऱ्हाच बदलली. एक खांदा खाली, हनुवटी वर. मी त्याच्या शेजारी तस्साच उभा राहायचो. माझी हनुवटी कठड्याच्या वर जेमतेम यायची, ते सोडा.

जून आला. वाचनालयवाल्याने जुने अंक रद्दीत घालण्याआधी मला वेष्टणं काढून न्यायला सांगितलं. त्या गठ्ठ्यात दादा पुष्कळ होता. तो अंक गाजलेला, नौपाड्यात घरोघरी गेलेला, कुणाकुणाच्या घरूनही तेच वेष्टण आलं. मी मन लावून काम केलं. घडी अशी बसवायची की दादाचा चेहरा बरोबर मध्ये यावा आणि सिगारेट कोपऱ्यात दुमडली जाऊ नये. माझ्यासकट वर्गातल्या बारा पोरांच्या पुस्तकांवर मी दादा चढवला. तेराव्याने रडून आपलं खाकी कव्हर काढून घ्यायला लावलं, पण दादा संपला होता.

शाळेच्या तिसऱ्या दिवशी आप्पा आमच्या वर्गावर आले. पोरं आधीपासूनच रंगात होती. मधल्या सुट्टीत प्रत्येकाने खडूचा तुकडा दोन बोटांत धरून बाकाला रेलायची तालीम केलेली. आप्पांनी हजेरी घ्यायला मान वर केली आणि त्यांना दिसलं. बारा बाकांवर त्यांचा मुलगा. बारा ठिकाणी हसतोय, बारा ठिकाणी धूर सोडतोय. मागच्या एकाच्या तोंडात अजून खडू होता; तो त्याने घाबरून चावला. तो कट्कन झालेला आवाज वर्गभर ऐकू गेला.

विडीसाठी पोरांना कोपरापर्यंत छड्या मारणारे आप्पा. आम्ही सगळे हात पुसून तयार होतो. पण त्यांनी छडी टेबलावर ठेवली.

"कव्हरं काढा," ते म्हणाले. "उलटी करून घाला. आत्ता."

अर्धा तास वर्गात नुसती कागदांची खसखस. वेष्टणाच्या आतल्या अंगाला केसांच्या तेलाची जाहिरात होती. ती वर आली. दादा आत गेला, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला तोंड लावून.

संध्याकाळी जेवताना आप्पा दादाला म्हणाले, "आज तू माझ्या वर्गात बारा ठिकाणी बसलेलास. एकालाही गणित येत नव्हतं."

दादाला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. आम्ही ताटावर थांबलो, तो थांबेल म्हणून. तो उठून मोरीकडे गेला. आईने वरण पुन्हा गरम केलं, आणि तरी तो परत आला नव्हता.

तिथून खोकला राहिलाच. संध्याकाळचा कणकण ताप यायला लागला. आईचा ओव्याचा शेक झाला, अडुळशाचा काढा झाला. मग नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला लावला. तो खिडकीशी धरून डॉक्टर आप्पांना बोटाने डाग दाखवत होते. वर्षाभरात निघालेलं दादाचं हे दुसरं चित्र. हे कुणी चिकटवलं नाही.

"इंजेक्शनं निघालीत आता," डॉक्टर म्हणाले. "पूर्वीसारखं नाही राहिलं. पडून राहायचं, दूध-अंडी खायची, वजन वाढवायचं. आणि सिगारेट आजपासून बंद. एकसुद्धा नाही. फुप्फुसाला विसावा हवाय, त्यात धूर कसला कोंबता? हे जमलं तर पोरगा उठेल. काय रे, जमेल?"

"जमेल," दादा म्हणाला. आणि त्याने जमवलंही असतं. हे मला लिहायलाच हवं.

बाहेर आम्ही सांगितलं की दादा हवापालटाला देशावर मावशीकडे गेलाय. त्या काळी क्षयाचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. नोकरी जायची, शेजारी नळावर घागर लांब धरायचे, बहीण असती तर तिचं लग्न अडलं असतं. प्रत्यक्षात दादा होता गॅलरीच्या टोकाला, गोणपाटाचा आडोसा करून घातलेल्या खाटेवर. त्याची कपबशी वेगळी, ताट वेगळं. अंडं आई शेगडी गॅलरीत नेऊन, पदर नाकाला लावून उकडायची. मी शाळेतून आलो की आडोशाच्या अलीकडे बसून त्याला दिवसभराच्या बातम्या सांगायचो.

दादा हळूहळू पेशंट झाला. दाढी वाढलेली, गळ्याला मफलर, पाय पोटाशी घेतलेले. मी ज्याच्यासारखा उभा राहायला शिकलो होतो तो माणूसच कुठे दिसेना. मला त्याची दया यायची असं लिहायला आवडलं असतं, पण मला त्याची लाज वाटायची. शाळेत अजून पोरं विचारायची, "तुझा दादा काय म्हणतो रे?" आणि टेंभी नाक्यावर तो तसाच हसत होता, निळ्या स्वेटरात.

एकदा श्रावणात तो म्हणाला, "तोंड असं कडू झालंय ना. एक झुरका मिळाला तर..." आणि स्वतःच म्हणाला, "जाऊ दे."

तो 'जाऊ दे' म्हणाला होता. पण मी दुसऱ्या दिवशी पानवाल्याकडे गेलो.

"काय रे, हिरो कधी येतोय देशावरनं?"

"येणारे," मी म्हणालो. "आमच्याकडून माणूस जातोय त्याला भेटायला. एक सिगारेट मागितलीये."

"एक? एक कशाला, रोज ने! आपल्या हिरोला आपल्याकडनं." देशावर रोज माणूस कसा जातो, हे त्याने विचारलं नाही. चित्राखाली उभं राहून धंदा वाढलेला माणूस तो. त्याला खरं ठाऊक असतं तर त्याने माझ्या कानाखाली वाजवली असती, असं मला अजून वाटतं.

ती मी लपवली इतिहासाच्या पुस्तकात. कव्हराची घडी पुठ्ठ्यावर दुमडली की आत एक खिसा होतो. माझी घडी घट्ट, त्यातून काही पडायची प्राज्ञा नव्हती. वरून केसांचं तेल. आत चित्रातला दादा, त्याच्या हातात एक सिगारेट आणि छातीवर आडवी ठेवलेली दुसरी, खरी. आप्पांनी ज्या कव्हराला उलटं करायला लावलं, ते त्यांनी पुन्हा कशाला तपासावं?

आई संध्याकाळी देवळात गेली आणि आप्पा शिकवणीला, की दादा आडोशामागे उभा राहायचा. उभा राहायचा, हे महत्त्वाचं. मफलर काढायचा, केसांतून हात फिरवायचा, एक खांदा खाली सोडून कठड्याला रेलायचा. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी मी हे सगळं करत होतो. मी आडोशाच्या फटीतून बघायचो आणि मला वाटायचं, हा बरा झाला.

आणि गंमत बघा, तो बरा होत होता. इंजेक्शनं लागू पडली. दसऱ्याला वजन वाढलेलं निघालं, डॉक्टर खूश झाले. आईने पेढे केले. कल्याणच्या साहेबाने जागा ठेवलीये असा निरोप आला. एका संध्याकाळी मी पुस्तक उघडून पुढे केलं, तर दादा मान हलवून म्हणाला, "आता बस कर. उद्यापासून आणू नकोस."

"का?"

"का म्हणजे? डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. मला जायचंय रे कामावर. फार झालं हे खाटेवर."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझे पाय टेंभी नाक्याकडे वळले. पानवाल्याने हाक मारली, "या, हिरोचे भाऊ!" तिथे चार मोठी माणसं उभी होती. त्यांनी माझ्यासाठी वाट केली. बारा वर्षांच्या, गणितात नापास होणाऱ्या पोरासाठी चार मोठी माणसं वाट करतात, ही चैन दुसरी कुठे मिळाली असती मला? मी सिगारेट घेतली.

घरी आल्यावर पुस्तक उघडून त्याच्या पुढ्यात धरलं. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको म्हटलं होतं ना तुला?"

मी पुस्तक तसंच पुढे धरून ठेवलं.

"आणलीच आहेस तर," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

त्यानंतर त्याने पुन्हा कधी नको म्हटलं नाही.

थंडी पडली तसा ताप उलटला. एका सकाळी आईने त्याची चूळ भरायची पितळी तपेली बाहेर आणली आणि पदराने झाकून मोरीत नेली. त्या दिवसापासून मी पानवाल्याकडे गेलो नाही. मला कुणी सांगितलं नाही, मला कळलं. कळायला उशीर झाला होता. रुग्णालयात खाटेसाठी अर्ज करून ठेवला होता; खाट मिळाल्याचं कार्ड आलं ते दादा गेल्यावर चौथ्या दिवशी. होळी दोन आठवड्यांवर होती. बाहेरच्यांना मावशीचं नाव सांगितलेलं, त्यामुळे नौपाड्यातून प्रेत निघालं तेव्हा लोक एकमेकांना विचारत होते, "हा कधी परत आला?"

मी मोठा झाल्यावर त्याच डॉक्टरांना आडून विचारलं होतं. रोज एक सिगारेट पोटात गेली असती तर फरक पडला असता का? ते म्हणाले, "त्या दुखण्यात काय धरायचं नि काय सोडायचं? सगळं पाळणारेही गेलेच की." मग म्हणाले, "पण कशाला विचारतोस?" मी विषय बदलला. तेव्हा माझ्या खिशात पाकीट होतं. हो, मीही ओढायचो, वीस वर्षं ओढली. दोन बोटांत, सैल.

तेराव्याला डोंबिवलीचा चित्रकार आला. कागदात गुंडाळलेलं मूळ चित्र घेऊन. तो आप्पांच्या समोर बसला आणि नुसता रडायला लागला. आईने चित्र उघडलं. आमच्याकडे दादाचा मोठेपणीचा दुसरा फोटोच नव्हता, शाळेचा एक ग्रुप तेवढा, त्यात तो वाटाण्याएवढा. आई चित्रावरून हात फिरवत म्हणाली, "हे लावायचं भिंतीवर. माझं पोर असंच होतं."

"काकू, हे कसं लावता येईल?" चित्रकार म्हणाला. "मी हात पुसून टाकतो. खिशात घातलेला दाखवतो."

"हात नको पुसूस रे त्याचा."

मग आप्पा बोलले. तेरा दिवसांत पहिल्यांदाच बोलले असतील. "त्याच्या हातात काय होतं, तू चित्र काढलंस तेव्हा?"

"खडू, सर."

"मग तेवढं टोक विझव. आणि धूर पुस. खडू राहू दे."

त्याने तिथेच, आमच्या पाटावर बसून, रंगाची डबी उघडून टोकाची लाली पांढरी केली आणि डोंगराच्या रंगाने धूर झाकला. दहा मिनिटांचं काम. ते चित्र आजही आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. निळ्या स्वेटरातला एक तरुण, बर्फाच्या डोंगरापुढे, हातात खडू. नवीन माणूस हमखास विचारतो, "हे शिक्षक होते का?" आई होती तोवर ती "हो" म्हणायची. जिथे धूर होता तिथला रंग नीट जमलेला नाही. उन्हं तिरपी आली की तिथे पुसट 'ल' दिसतो.

पुन्हा जून आला. वरच्या इयत्तेत गेलं की जुनी पुस्तकं धुवून-पुसून खालच्या पोराला द्यायची, ही आमच्याकडची रीत. खालच्या मजल्यावरचा मुलगा माझी पुस्तकं न्यायला येणार होता. मी कुठेतरी उंडारत होतो. परत आलो तर आप्पा जमिनीवर बसून स्वतः एकेक पुस्तकाचं कव्हर काढत होते. इतिहासाचं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

त्यांनी घडी उलगडली होती. तेलाची जाहिरात खाली, दादा वर. आणि घडीच्या रेषेत, शिवणीत अडकते तशी, तंबाखूची बारीक तपकिरी भुकटी. ती इतकी होती की एका दिवसाची असणं शक्य नव्हतं. दादाच्या छातीवर पिवळसर आडवा पट्टा उमटला होता, सिगारेटच्या लांबीचा.

आप्पांनी बोटाच्या टोकावर ती भुकटी घेतली, हुंगली. माझ्याकडे पाहिलं नाही. वर्गात मला प्रश्न विचारताना पाहायचे नाहीत, तसंच.

"त्याने मागितली?" त्यांनी विचारलं.

एवढंच विचारलं. मला हो म्हणता आलं असतं. श्रावणातली ती एक संध्याकाळ धरली तर ते खोटंही नव्हतं.

"नको म्हणाला होता," मी म्हणालो. "मी आणली."

आत आई तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. आप्पांनी उठून गॅलरीत जाऊन कव्हर झटकलं. मला वाटलं ते आता ते फाडतील. त्यांनी फाडलं नाही. चौकोनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग परत येऊन माझ्या पुढ्यात बसले, वर्तमानपत्राचा कागद ओढला आणि म्हणाले, "कात्री दे."

मी कात्री दिली. त्यांना कव्हर घालता येत नव्हतं. घडी वाकडी जात होती, कोपरा सुटत होता. मी हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. रागाने नव्हे. पुस्तक कसंबसं झाकून झाल्यावर ते सुपाच्या आवाजाकडे बघत हळू म्हणाले, "ती असेपर्यंत हे तिच्या कानावर जाता कामा नये. समजलं?"

"समजलं."

आप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात ते कव्हर नव्हतं, मी पाहिलं. आई गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या आजारपणात ती बाहेरच्या खोलीत पडून असायची, चित्राच्या समोर. एकदा मला म्हणाली, "त्याला खडू तूच दिलेलास ना रे?"

"हो, आई."

"चांगलं केलंस हो," ती म्हणाली.